नकाराचा रकाना

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणून गरोदर बायांच्या घरोघर जाऊन त्यांना प्रश्न विचारायचं काम मला मिळालं, तेव्हा माझी लेक पोट धरून हसली. "आई, तू प्रश्न विचारणार, आणि समोरचीचं उत्तर संपेपर्यंत गप्प बसणार? बघूच."

गप्प बसायला शिकले मी. आधी नर्स होते, वीस वर्षं एका खाजगी दवाखान्यात काढली. नवरा गेल्यावर घरात दिवस सरेना, म्हणून हे संशोधनाचं काम धरलं. आदिलाबादहून बसनं तामसी, तिथून पुढे भीमपूरकडची सीमेवरची गावं. पैनगंगेच्या पल्याड महाराष्ट्र, अल्याड आम्ही. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम हैदराबादच्या. त्यांना शोधायचं होतं ते एवढंच, की बाईचं बीपी वाढतं, अंगावर सूज चढते, झटके येण्यापर्यंत वेळ येते, आणि तरी घरच्यांना आणि दवाखान्याला ते इतकं उशिरा का कळतं. प्रश्नावली तेलुगूत होती. या गावांत घरात मराठी बोलतात, म्हणून माझ्यासारखी पाहिजे होती.

दर महिन्याला प्रत्येकीकडे जायचं. वजन, बीपी, लघवीची पट्टी, मग प्रश्न. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, पायावर सूज आहे का. आणि दर महिन्याला बाया सांगायच्या, "नाई." सासू शेजारी बसलेली असली तर ते "नाई" आणखी लवकर यायचं. मी चिडायचे. एकीला तर म्हणाले होते, "अगं, तुझे पाय मला दिसताहेत, आणि तू मलाच नाही म्हणून सांगतेस?" ती पाय लुगड्यात ओढून घेऊन नुसती हसली.

नदीजवळच्या एका गावातली एक पोरगी माझी लाडकी होती. लाडकं असं कोणी असू नये या कामात, पण होती. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा कुठे दिवस राहिले होते. नवरा कापसाच्या गाडीबरोबर बाहेरगावी असायचा, घरात ती आणि सासू. सासू मोठी कडक. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तुमी दर महिन्याले येऊन लिवून राह्यल्या, त्यानं लेकरू लवकर होते का?" मीही कमी नव्हते. "लवकर नाही मावशी, सुखरूप होतं." त्यावर तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. तेव्हापासून आमचं जमलं.

आठव्या महिन्यात पोरीचं बीपी जरा काठावर आलं. फार नव्हतं, पण आधीच्यापेक्षा वर होतं. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. नाई मॅडम, काईच नाई. डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढची भेट पंधरा दिवसांतच घ्या आणि बीपी काही झालं तरी बघा. काही झालं तरी, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी गेले, तर दारात मांडव. नववा लागला म्हणून ओटीभरण होतं. अंगण बायांनी भरलेलं, चुलीवर पुरण, कढईत भजी. पोरगी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसलेली, अंगावर फुलांचे दागिने. कासारीण नुकतीच बांगड्या भरून टोपली आवरत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार. मला पाहिल्याबरोबर पोरगी गोड हसली. चेहरा चांगला गोल झाला होता. एक म्हातारी म्हणाली, "कशी भरली पाह्य अंगानं! पोटात लक्षुमी हाय." मलाही तेच वाटलं. नर्स मी, वीस वर्षांची, आणि मलाही तेच वाटलं!

सासूनं हाक मारली. "या न मॅडम, आत या. पोट्टीची ओटी भरा."

आता जे सांगणार आहे, ते मला कोणी करायला लावलं नव्हतं. मला कोणी अडवलं नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. गावात कोणालाच ते माहीत नव्हतं. मी टिकली लावते, हातात घड्याळ घालते, नोकरी करते, कोणाला काय कळणार? पण पाच वर्षांनी पोटुशी राहिलेल्या त्या पोरीपुढे पाच सवाष्णी ओटी घेऊन उभ्या राहिल्या, आणि मी आत जाता जाता थांबले. आपला हात लागू नये. आजच्या दिवशी तरी नको. घरात माझ्या धाकट्या नणंदेच्या ओटीभरणाला मला मागच्या खोलीत भांडी काढायला बसवलं होतं, ते आठवलं. तेव्हा मी केवढी भांडले होते! आणि इथं कोणी बसवायच्या आधी मीच जाऊन ओसरीच्या टोकाला बसले.

"मी इथंच बरी," म्हणाले.

सासूच्या कपाळाला आठी पडली. तिला वाटलं, शहरातल्या बाईला आपल्या घरचं हळदीकुंकू नको. तसं वाटू दिलं मी.

पिशवीत बीपीचं यंत्र होतं. ओटी झाल्यावर घेऊ, म्हटलं. मग जेवणं झाली. मग म्हटलं, बांगड्यांनी भरलेल्या हाताला पट्टा कुठे बांधायचा. पट्टा दंडाला बांधतात, बांगड्या मनगटाला असतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण मन असं काही शोधतंच. शेवटी म्हटलं, संध्याकाळी तिची आई तिला माहेरी नेणारच आहे नदीपल्याड, तिथली सिस्टर पाहील. इकडचे म्हणतात तिकडचे पाहतील, आणि तिकडचे म्हणतात इकडचे पाहून पाठवतात. हेच तर मी वर्षभर लिहून पाठवत होते. माझ्याच हातानं लिहिलेलं.

टॅबवर बीपीचा रकाना रिकामा सोडता येत नाही. का घेतलं नाही, ते सांगावं लागतं. यंत्र बंद, बाई घरी नाही, कुटुंबाचा नकार, एवढीच उत्तरं दिलेली. "मीच हात मागे घेतला" असं त्यात कुठेच नव्हतं. मी "कुटुंबाचा नकार" यावर बोट ठेवलं आणि पिशवी उचलून निघाले. सासूनं पुरणपोळ्यांचं गाठोडं बांधून दिलं होतं, ते हातात.

बसथांब्यावर लिंबाखाली कासारीण टोपली घेऊन बसली होती. पन्नाशीची, पान खाणारी. मी शेजारी टेकले. ती म्हणाली, "बाई, एक इचारू का? तुमी दवाखान्याच्या ना?"

"दवाखान्याची नाही, पण विचारा."

"त्या पोट्टीचे हात मले बरोबर नाई वाटले." तिनं स्वतःचं मनगट पुढे केलं. "लग्नात मीच भरल्या व्हत्या तिले. दोन-चार मापाच्या बसल्या, त्याही सैल. आज दोन-आठ घातल्या तं जीव गेला माहा. आन् हात दाबला न, तं बोटाचा खड्डा पडते. वर येतच नाई लवकर. बाया म्हने अंगानं भरली. म्या म्हटलं, भरलेलं अंग असं राह्यते का? कनकीच्या गोळ्यावानी?"

मी हातातलं गाठोडं तिच्या टोपलीवर ठेवलं.

"आणखी काही म्हणाली का ती?"

"म्हने, चार दिवसापासून डोकं ठनकून राह्यलं. डोळ्यापुढं काजवे चमकते. म्या म्हटलं, सासूले सांग. तं म्हने, ओटी व्हऊ द्या, पाच वर्सानं आली, मंग सांगीन. नाईतं ओटी थांबवतीन." कासारणीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी तं दर महिन्याले येता. तुमाले नाई सांगतलं तिनं?"

नाही सांगितलं. का सांगेल? कासारीण अर्धा तास तिचा हात हातात धरून बसते, साबण लावून एकेक बांगडी चढवते, दुखलं का म्हणून विचारते. मी टॅब धरून बसते.

समोरून बस येत होती. मी बसकडे पाठ केली आणि पळाले. चाळिशीनंतर कोणी पळत नाही आमच्यात, मी सेहेचाळीसची, पळाले. पुरणपोळ्या कासारणीच्या टोपलीवरच राहिल्या.

घरासमोर जीप उभी होती. पोरगी मागच्या सीटवर बसलेली, ओटी पदरात तशीच. आई शेजारी. सासू पिशव्या चढवत होती. मी लांबूनच ओरडले, "थांबवा! उतरवा तिला!" सगळ्या बाया वळल्या. "काय झालं ओ मॅडम?" मी उत्तर दिलं नाही, जीपमध्येच चढले, तिचा दंड ओढला आणि पट्टा बांधला. तेव्हा मी कोण आहे, काय आहे, काही म्हणजे काही आठवलं नाही.

एकशे सत्तर, एकशे दहा. पट्टा सोडला, पाच मिनिटं माझ्या घड्याळात मोजली, पुन्हा बांधला. त्याहून जरा जास्तच.

"मावशी, हिला आत्ता आदिलाबादला न्यायचं. आत्ता. उशीर केला तर झटके येतील. दोघंही जातील."

'जातील' हा शब्द त्या दिवशी त्या अंगणात मी बोलले. बायांनी कानांवर हात ठेवले. पोरीची आई म्हणाली, "असं वंगाळ काऊन बोलता वो? ओटी भरेल हाय तिची. आमच्या इकडंबी दाक्तर हाय, नदी ओलांडली का आलंच." आणि पोरगी रडायला लागली. "मले काई नाई झालं. खरंच काई नाई."

"डोकं दुखतंय की नाही? कासारणीला काय सांगितलंस तू?"

तिनं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सासूनं हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही मला हाकलणार. ती जीपवाल्याला म्हणाली, "वळव. आदिलाबादले चाल." आणि विहिणीला म्हणाली, "ताई, लेकरू तुमचं हाय, पर माह्याबी घरचं हाय. बसा."

वाटेत मी दवाखान्यात फोन केला, मग मॅडमना केला. पोरगी माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसली होती. मी तिला झोपू देत नव्हते. काय नाव ठेवणार, कोणती भाजी आवडते, काहीही विचारत होते. "मॅडम, तुमी लई इचारता," ती म्हणाली. सासू त्यातही हसली आणि लगेच पदर तोंडात धरला.

दवाखान्यात तयारीच होती. झटके येऊ नयेत म्हणून सुई द्यायची, सलाईन लावायचं, पण हात एवढा सुजलेला की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. सिस्टर म्हणाली, फोडून काढा, पटकन. सिस्टर तेलुगू होती, तिचा काही दोष नव्हता. पण ओटीच्या दिवशीच्या हिरव्या बांगड्या! सवाष्णीची एक बांगडी चुकून पिचली, तरी आपण "वाढली" म्हणतो, फुटली म्हणत नाही. पोरीच्या आईनं हंबरडाच फोडला.

सासूनं साबण मागितला. पदर खोचला, पाण्यात हात बुडवले आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तिचा हात धरा. घट्ट. हालू देऊ नका."

आणि आता, ऐन घाईत, मला पुन्हा ते आठवलं. मी हात पुढे करून थांबले. "मावशी, तिच्या आईला धरू द्या. मी... माझे यजमान नाहीत. आठ वर्षं झाली. म्हणून मघाशी ओटीला आले नाही. बीपीही म्हणूनच घेतलं नाही."

सासूचे साबणाचे हात तसेच थांबले. तिच्या तोंडावर राग आला, तो मला अजून आठवतो. "मंग? बीपीच्या पट्ट्याले कुंकू लावा लागते का? माह्या सुनेचा हात धरा म्हनते ना मी!"

मी धरला. दोन्ही हातांनी धरला. कासारीण म्हणाली होती तसंच होतं, बोट ठेवलं की खड्डा पडायचा. सासू एकेक बांगडी साबणानं फिरवत, बोटं दुमडत काढत होती, आणि काढलेली आपल्या पदरात ठेवत होती. दोन वाढल्या. बाकी सगळ्या अख्ख्या निघाल्या. पोरगी एकदाही ओरडली नाही. तिची बोटं माझ्या मनगटाला धरून होती.

पोरीला आत नेल्यावर सासू आणि मी बाकावर बसलो. आता गप्प बसवेना. मी टॅब काढून सासूला दाखवला, वाचून दाखवला. "इथं मी लिहिलंय की तुम्ही नकार दिला."

"आमी?" तिला कळेना. "आमी कवा नाई म्हटलं?"

"नाही म्हटलं तुम्ही. मी खोटं लिहिलं."

पदरातल्या बांगड्या तिनं एकदा हलवून सारख्या केल्या. मग म्हणाली, "मॅडम, आमची बदनामी तं तुमी केलीच. पर पळत कोन आलं?" एवढंच. तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मागायचं तोंड नव्हतं.

रात्री ऑपरेशन झालं. मुलगी. दोन किलोला जराशी कमी, पण रडली, चांगली खणखणीत रडली. आजी झालेली सासू दाराला कान लावून उभी होती. ती वळून म्हणाली, "तुमच्यावर गेली, तोंडाळ!" पोरीचं बीपी मात्र उतरेना. दोन दिवस तिच्यावर सतत लक्ष होतं. त्या दोन दिवसांत मी घरी गेले, आंघोळ केली आणि परत आले, एवढंच मला आठवतं. माझ्या हातानं एक रकाना खोटा भरला होता, आणि त्याची किंमत ही पोर देईल की काय, याशिवाय डोक्यात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडून विचारलं, "मॅडम, आज कितीक इचारनार हाये?" मी तिथंच, सगळ्या वॉर्डसमोर, रडले.

त्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नोकरी जाईल, असंच धरून चालले होते. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांनी मला धारेवर धरलं, धरायलाच पाहिजे होतं. मग बाकीच्या पोरींकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कोणी नकारावर बोट ठेवलंय का, न विचारता?" मग मागून एक हात वर झाला. एक म्हणाली, त्या घरी सुतक होतं, मी दारातूनच परतले. दुसरी म्हणाली, माझी पाळी चालू होती आणि त्यांच्या घरी पूजा होती, मी ओटा चढले नाही. आणखी एक हात. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या तेलुगूत हळूच म्हणाल्या, आम्ही वर्षभर समजत होतो की कुटुंबं नकार देतात. दुसऱ्या आठवड्यात टॅबवर नवीन उत्तर आलं: "विचारणारीनं विचारलं नाही." आणि प्रश्नांत एक वाढला: बांगड्या आधीच्याच मापाच्या बसतात का? तो मी सांगितला होता. खरं तर कासारणीनं.

सव्वा महिन्यानं सासूचा फोन आला. "नाव ठेवतो पोरीचं. या. आन् पट्टा घेऊन या." आणि ठेवूनही दिला.

तसाच मांडव, त्याच बाया. बाळ पाळण्यात. पोरगी पाटावर बसलेली, पुन्हा ओटी भरायची होती. मी नकळत ओसरीच्या टोकाकडे वळले होते. सवाष्णी सूप घेऊन पुढे झाल्या, तोच सासू म्हणाली, "थांबा वो. आदी बाईचा पट्टा."

पोरीनं सगळ्यांसमोर बाही वर केली आणि दंड पुढे केला. हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, खुळखुळत्या, सैल. कासारीण टोपलीमागून म्हणाली, "दोन-चार!" आणि हसली. मी पट्टा बांधला. सगळ्या बाया वाकून बघत होत्या, जसं काही त्यांचंच मोजतेय. एकशे सोळा, शहात्तर. दुसऱ्यांदाही तेच. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि टॅबवर लिहिला.

पट्टा सोडत होते, तर सासूनं गव्हाचं सूप माझ्याच पुढे धरलं.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे..."

"मले माहीत हाये. त्या दिवशी हात मागं घेतला. आज घेतला तं पाहा मंग."

कोणीतरी म्हातारी मागे काहीतरी पुटपुटली. सासूनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती गप्प झाली. पोरीनं पदर पसरला. मी ओंजळीत गहू घेतले, पण पदरापाशी पोचायच्या आधीच ओंजळ सुटली आणि अर्धे पाटावरच पडले.

"सांडू द्या," पोरगी म्हणाली, आणि तिनं खालून माझे दोन्ही हात धरले. "तुमी भरा."